रक्तांतील अंतःस्राव आणि रोहिण्यांचें आरोग्य

पन्नाशीच्या आसपास आलेलीं शहरांतील माणसें आजकाल वर्षांतून एकदां तरी रक्त तपासून घेतात. तपासणीच्या कागदावर साखर व मेद यांच्या आंकड्यांबरोबर कधीं कधीं हार्मोनांचे आंकडेहि छापलेले असतात. त्यांतील एखादा आंकडा ठरीव मर्यादेच्या खालीं दिसला कीं मनांत सहज विचार येतो : जें उणें पडलें आहे तें गोळीनें, लेपानें किंवा टोचून भरून काढावें, म्हणजे रक्तवाहिन्या पूर्ववत् होतील आणि हृदयाची चिंता उरणार नाहीं. हा विचार वरवर पाहतां सरळ आहे, आणि मोठमोठ्या डॉक्टरांनींहि तो केला होता. परंतु त्याची कसोटी लागली तेव्हां तो कांहीं ठिकाणीं खरा ठरला आणि कांहीं ठिकाणीं साफ चुकीचा ठरला. हा फरक कां पडतो हें समजून घेणें प्रौढ वयाच्या प्रत्येक स्त्रीपुरुषाच्या हिताचें आहे.

शरीरांत कांहीं ग्रंथि अशा आहेत कीं, त्यांस बाहेर नेणारी नळी नाहीं. लाळ तोंडांत येते, घाम त्वचेवर येतो; पण या ग्रंथींचा रस सरळ रक्तांत मिसळतो व रक्ताबरोबर दूरच्या अवयवांपर्यंत जाऊन तेथील काम वाढवितो किंवा कमी करतो. म्हणून त्यास अंतःस्राव म्हणतात. ‘हार्मोन’ हें नांव त्यास स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०५ सालीं दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘चेतविणारा’ असा आहे, आणि मराठींत रूढ झालेला ‘संप्रेरक’ हा शब्द त्याच अर्थाचा आहे. या द्रव्यांचा रक्तवाहिन्यांशीं असलेला संबंध मात्र हें नांव पडण्यापूर्वींच दिसून आला होता. १८९४ च्या सुमारास हॅरोगेट येथील डॉ. जॉर्ज ऑलिव्हर हे मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींचा अर्क घेऊन लंडनमधील प्रोफेसर शेफर यांच्या प्रयोगशाळेंत गेले. तो अर्क कुत्र्याच्या शिरेंत सोडतांच त्याच्या बारीक रोहिण्या आकुंचित झाल्या व रक्ताचा दाब झपाट्यानें चढला. ग्रंथींतून निघणारें द्रव्य रक्तवाहिनीवर हुकमत चालवितें, हें त्या दिवसापासून कोणास नाकारतां येईना.

येथें रोहिणीच्या रचनेविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. हृदयाकडून शुद्ध रक्त वाहून नेणारी रोहिणी ही नळाच्या पाण्याच्या नळीसारखी निर्जीव नाहीं. तिच्या भिंतींत स्नायूंचा थर असतो. तो आवळला कीं नळी अरुंद होते, सैल सुटला कीं रुंद होते. सर्वांत आंत, रक्ताला लागून, एका पेशीच्या जाडीचें अत्यंत नाजूक अस्तर असतें. पुष्कळ वर्षें समजूत अशी होती कीं, हें अस्तर म्हणजे केवळ गिलावा. न्यूयॉर्कमधील प्रोफेसर रॉबर्ट फर्चगॉट यांनीं ती १९८० सालीं खोडून काढली. सशाच्या महारोहिणीच्या पट्टीवर एक विशिष्ट द्रव्य घातलें असतां ती कधीं सैल होई, तर कधीं उलट आवळे. शोध करतां असें आढळलें कीं, पट्टी कापतांना व हाताळतांना जेव्हां आंतील अस्तर खरवडलें जाई, तेव्हां ती सैल होत नसे. याचा अर्थ, रोहिणीला सैल होण्याची आज्ञा हें अस्तरच देतें. ती आज्ञा म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु, हें १९८७ सालीं सिद्ध झालें, आणि या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व म्युराड या तिघांस १९९८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. अस्तर निरोगी असेल तर रोहिणी वेळेवर रुंद होते, रक्त विनाकारण गोठत नाहीं व भिंतींत मेदाचा थर सहसा धरत नाहीं. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब व रक्तांतील वाईट मेद यांचा पहिला आघात याच अस्तरावर होतो.

अंतःस्रावांचे हातहि याच ठिकाणीं पोंचतात. स्त्रीच्या बीजकोशांतून निघणारें ईस्ट्रोजेन अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड अधिक तयार करवून घेतें व रक्तांतील वाईट मेद कमी ठेवितें. कंठांतील थायरॉईड ग्रंथीचा रस कमी पडला, तर यकृत रक्तांतील मेद नीट उचलीत नाहीं, रोहिण्या ताठर होतात व खालचा रक्तदाब वाढतो. तोच रस अति झाला, तर हृदयाची लय बिघडते. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून निघणारें अल्डोस्टेरॉन शरीरांत मीठ धरून ठेवितें. तें प्रमाणाबाहेर गेलें कीं दाब चढतो व रोहिण्यांची भिंत राठ होते. त्याच ग्रंथींचें कॉर्टिसोल दीर्घकाळ वाढलेलें राहिलें, तर रक्तदाब, साखर व पोटावरील चरबी हीं तिन्ही वाढतात. तात्पर्य, अंतःस्रावांचें प्रमाण व रक्तवाहिन्यांचें आरोग्य यांचा संबंध आहे, यांत शंका नाहीं. वादाचा प्रश्न पुढचा आहे : प्रमाण बदललें म्हणजे आरोग्यहि बदलतें काय ?

याचें उत्तर कांहीं बाबतींत निःसंशय होकारार्थी आलें. १८९१ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथील डॉ. जॉर्ज मरे यांनीं थायरॉईड सुकून गेल्यानें सुजलेल्या व मंदावलेल्या ४६ वर्षांच्या एका बाईस मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचण्यास आरंभ केला. ती बाई सुधारली, आणि पुढें जन्मभर तो अर्क घेत १९१९ पर्यंत, म्हणजे वयाच्या ७४ व्या वर्षापर्यंत जगली. उलट बाजूचें उदाहरण अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जेरोम कॉन यांचें. उच्च रक्तदाब व स्नायूंची विलक्षण दुर्बलता यांनीं त्रस्त झालेल्या ३४ वर्षांच्या एका स्त्रीच्या शरीरांत अल्डोस्टेरॉन अतोनात वाढलें आहे, हें त्यांनीं ओळखलें. मूत्रपिंडावरील ग्रंथींत वाढलेली गांठ काढून टाकतांच तिचा रक्तदाब उतरला. ही हकीकत १९५५ सालीं प्रसिद्ध झाली. पुष्कळ औषधें घेऊनहि ज्यांचा रक्तदाब ताब्यांत येत नाहीं, अशा रोग्यांपैकीं सुमारें पांचांत एकास हाच विकार असतो, असें आज दिसून आलें आहे. आणि त्याची तपासणी साध्या रक्तपरीक्षेनें सुरू करतां येते. या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. ग्रंथि स्वतः बिघडली होती, आणि उणें किंवा अधिक प्रमाण हें रोगाचें मूळ होतें.

या यशानें उत्साह वाढला, आणि तोच न्याय स्त्रीच्या हृदयास लावण्यांत आला. त्यास आधारहि भक्कम दिसत होता. अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम या गांवीं १९४८ पासून हजारों रहिवाश्यांच्या हृदयाची पाहणी चालू आहे. तेथील २,८७३ स्त्रियांवर २४ वर्षें नजर ठेविल्यावर असें आढळलें कीं, ऋतु चालू असलेल्या एकाहि स्त्रीस त्या काळांत हृदयविकाराचा झटका आला नव्हता. ऋतुनिवृत्तीनंतर मात्र हें संरक्षण ओसरूं लागतें. मग निवृत्तीबरोबर जें ईस्ट्रोजेन आटलें, तें गोळीनें परत दिलें तर ? अशा गोळ्या अमेरिकेंत १९४२ पासून विकल्या जात होत्या; त्यांतील द्रव्य गाभण घोडीच्या मूत्रापासून काढीत.

पहिला इशारा पुरुषांकडून मिळाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांस ईस्ट्रोजेन देऊन पाहण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेंत १९६६ पासून चालला होता. अधिक मात्रा घेणाऱ्यांत झटके व रक्ताच्या गुठळ्या वाढल्या, म्हणून ती मात्रा १९७० मध्यें बंद करावी लागली. कमी मात्राहि १९७३ मध्यें थांबविण्यांत आली. परंतु पुरुषाचें शरीर निराळें, असें म्हणून हा इशारा बाजूस ठेवण्यांत आला. तिकडे अमेरिकेंतील परिचारिकांची एक प्रचंड पाहणी १९७६ पासून सुरू झाली होती. तिच्यांतील ऋतुनिवृत्त झालेल्या ४८,४७० स्त्रियांची दहा वर्षांची हकीकत १९९१ मध्यें प्रसिद्ध झाली. ईस्ट्रोजेन घेणाऱ्यांत हृदयविकाराचें प्रमाण न घेणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मेंच आढळलें. डॉक्टरांनीं लाखों स्त्रियांस हृदयाच्या रक्षणासाठीं म्हणून या गोळ्या लिहून दिल्या.

पाहणी आणि प्रयोग यांत जो भेद आहे, तो येथें महत्त्वाचा ठरला. पाहणींत लोक आपल्या मर्जीनें औषध घेतात किंवा घेत नाहींत, आणि शास्त्रज्ञ नुसतें टिपून ठेवितो. प्रयोगांत कोणास औषध व कोणास तशीच दिसणारी पोकळ गोळी द्यावयाची, हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरतें. त्यामुळें दोन्ही गट इतर सर्व बाबतींत सारखे राहतात. असा पहिला मोठा प्रयोग १९९८ मध्यें पुरा झाला. हृदयविकार जडलेल्या २,७६३ स्त्रियांत सरासरी चार वर्षांत गोळ्यांचा एकंदरींत कांहीं लाभ दिसला नाहीं. पहिल्या वर्षीं तर झटके वाढलेच. त्याहून मोठा प्रयोग ५० ते ७९ वर्षांच्या, गर्भाशय शाबूत असलेल्या १६,६०८ स्त्रियांवर चालू होता. त्यांस ईस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखें द्रव्य दिलें जात होतें. तो प्रयोग २००२ च्या जुलैमध्यें मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आला. दर १०,००० स्त्रियांमागें एका वर्षांत हृदयविकाराचे ७, पक्षाघाताचे ८, फुप्फुसांत गुठळी अडकल्याचे ८ आणि स्तनांच्या कर्करोगाचे ८ प्रसंग अधिक घडत होते. मांडीचें हाड मोडण्याचे ५ व आंतड्याच्या कर्करोगाचे ६ कमी होत होते. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांस केवळ ईस्ट्रोजेन देण्याचा जोडप्रयोग २००४ मध्यें थांबला. त्यांत हृदयविकार वाढला नाहीं, पण घटलाहि नाहीं. पक्षाघात मात्र वाढला.

हे आंकडे पाहतां एकेका स्त्रीपुरता धोका फार मोठा नव्हता. परंतु जी गोळी हृदय राखण्यासाठीं म्हणून दिली जात होती, ती तें राखीत नाहीं, एवढें यावरून ठरलें. मग परिचारिकांच्या पाहणींत लाभ कां दिसला ? एक कारण असें कीं, आपण होऊन गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळांतच अधिक सावध होत्या. त्या डॉक्टरांकडे नियमानें जात व व्यायाम अधिक करीत. त्यांचें हृदय कांहीं अंशीं त्यांच्या राहणीनें राखलें होतें आणि श्रेय गोळीच्या पदरीं पडलें होतें.

दुसरें कारण काळाचें आहे. परिचारिकांपैकीं बहुतेकींनीं गोळ्या ऋतुनिवृत्तीच्या सुमारास सुरू केल्या होत्या; प्रयोगांतील स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें. निवृत्तीनंतर दहा-बारा वर्षांनीं रोहिण्यांच्या भिंतींत मेदाचे थर बसलेले असतात आणि अस्तर पूर्वीसारखें आज्ञाधारक राहिलेलें नसतें. अशा भिंतीस ईस्ट्रोजेनचा उपयोग होत नाहीं, क्वचित् त्यामुळें जुना थर फुटतोहि, असें शास्त्रज्ञांचें अनुमान आहे. याची परीक्षा ६४३ स्त्रियांवर केलेल्या एका प्रयोगानें झाली, व तिचे निष्कर्ष २०१६ मध्यें बाहेर आले. मानेंतील रोहिणीच्या भिंतीची जाडी दर वर्षीं किती वाढते, हें त्यांत मोजलें होतें. निवृत्तीपासून सहा वर्षांच्या आंत ज्यांनीं ईस्ट्रोजेन सुरू केलें, त्यांची भिंत वर्षास ०.००४४ मिलिमीटरनें जाड झाली. पोकळ गोळी घेणाऱ्यांची ०.००७८ नें. दहा किंवा अधिक वर्षांनीं सुरू करणाऱ्यांत असा कांहीं लाभ दिसला नाहीं. द्रव्य तेंच होतें. तें कोणत्या वयाच्या रोहिणीस मिळालें, यावर परिणाम अवलंबून राहिला. तथापि भिंतीची जाडी म्हणजे प्रत्यक्ष हृदयविकार नव्हे, आणि हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांत याच प्रयोगांत फरक आढळला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

तिसरी गोष्ट मार्गाची. बीजकोशांतून निघालेलें ईस्ट्रोजेन थेट सर्व शरीराच्या रक्तांत मिसळतें. गिळलेली गोळी आंतड्यांतून प्रथम यकृतांत जाते, आणि तेथें रक्त गोठविणारीं द्रव्यें अधिक तयार करविते. त्वचेवर लावलेल्या पट्टींतून किंवा लेपांतून तेंच औषध दिलें, तर हा वळसा टळतो. अशा उपचारानें शिरांतील गुठळ्या वाढल्याचें पाहण्यांत दिसलेलें नाहीं.

पुरुषांच्या बाबतींत हीच कथा टेस्टोस्टेरॉनविषयीं घडत आहे. वयाबरोबर हें द्रव्य हळूहळू कमी होतें, आणि ज्यांच्या रक्तांत तें कमी असतें, त्यांत हृदयविकार अधिक आढळतो. परंतु स्थूलता, मधुमेह व दीर्घ आजार हे स्वतःच टेस्टोस्टेरॉन खालीं आणतात, आणि तेच रोहिण्याहि बिघडवितात. येथें उणा आंकडा पुष्कळदां रोगाचें कारण नसून त्याची सावली असतो. म्हणूनच चरबी उतरली कीं तो कित्येकदां आपोआप वर येतो. ६५ वर्षांवरील १३८ पुरुषांच्या हृदयाच्या रोहिण्या तपासणाऱ्या एका प्रयोगांत, वर्षभर टेस्टोस्टेरॉनचा लेप लावणाऱ्यांच्या भिंतींतील मऊ थर वाढलेला दिसला. तो निष्कर्ष २०१७ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यानंतर ४५ ते ८० वर्षांच्या, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या व हृदयाचा धोका असलेल्या ५,२०० हून अधिक पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. २०२३ मध्यें कळलें कीं, झटका, पक्षाघात किंवा हृदयविकारानें मृत्यु हे प्रसंग लेप लावणाऱ्यांत शेंकडा ७ व न लावणाऱ्यांत शेंकडा ७.३ घडले; म्हणजे लाभ नाहीं व हानीहि नाहीं. मात्र हृदयाची लय बिघडणें व फुप्फुसांत गुठळी अडकणें हे विकार लेप लावणाऱ्यांत अधिक झाले. ज्याचे वृषण खरोखर निकामी झाले आहेत, त्यास या औषधाची गरज आहे. केवळ तारुण्य टिकविण्याच्या जाहिरातीस भुलून तें घेणाऱ्यास रोहिण्यांचा लाभ होईल असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं.

आतां या प्रश्नाची जी बाजू महाराष्ट्रास अगदीं जवळची आहे, तिच्याकडे वळणें प्राप्त आहे. बीड जिल्ह्यांतून ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रियांची पाहणी राज्य सरकारनें २०१९ मध्यें करविली. सुमारें ८२ हजार स्त्रियांपैकीं १३,८०० हून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून हंगामापूर्वींच उचल घेतलेली असते, आणि कामाचा दिवस चुकला कीं खाडा पडून पैसे कापले जातात. मासिक पाळीच्या व पोटदुखीच्या त्रासावर कायमचा उपाय म्हणून तरुण वयांतच अशा शस्त्रक्रिया झाल्या. नुसतें गर्भाशय काढलें, तरी बीजकोश नैसर्गिक वेळेच्या आधीं थकतात. त्यांबरोबर बीजकोशहि काढले, तर ईस्ट्रोजेन एका दिवसांत आटतें. परिचारिकांच्या ज्या पाहणीचा उल्लेख वर आला, तिच्यांतच १९८७ मध्यें असें दिसलें होतें कीं, दोन्ही बीजकोश काढलेल्या व ईस्ट्रोजेन न घेतलेल्या स्त्रियांत हृदयविकाराचा धोका दुपटीहून अधिक होता, व ईस्ट्रोजेन घेणाऱ्यांत ही वाढ आढळली नाहीं. भारतीय स्त्रीची ऋतुनिवृत्ति सरासरीनें ४६-४७ व्या वर्षीं होते. तिशींत बीजकोश गमावलेल्या स्त्रीच्या रोहिण्या पंधरा वर्षांच्या संरक्षणास मुकतात. तिच्या बाबतींत उणीव खरी आहे, अकालीं आहे, आणि दुसरी अडचण नसल्यास साधारण पन्नाशीपर्यंत ती भरून काढावी, असेंच आजचें शास्त्र सांगतें. ज्या वृद्ध स्त्रीस गरज नाहीं, तिच्या हातीं गोळ्या पडतात. आणि जिला त्या हव्यात, तिला शस्त्रक्रियेनंतर कोणी विचारीतहि नाहीं, ही स्थिति शोचनीय आहे. शहरांतील सुशिक्षित घरांतहि चाळिशीच्या आंतबाहेर गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला, तर बीजकोश ठेवतां येतील काय, आणि दुसरा उपाय नाहींच काय, हे दोन प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वींच विचारले पाहिजेत.

यावरून सर्वसाधारण मनुष्यानें काय घ्यावें ? तपासणींतील हार्मोनाचा आंकडा उणा दिसला, तर डॉक्टरांस तीन गोष्टी विचाराव्या. तो कां उणा आहे : ग्रंथि बिघडली म्हणून, कीं वजन, मधुमेह वा आजार यांमुळें ? भरून काढण्याची वेळ योग्य आहे काय ? आणि कोणत्या मार्गानें व किती मात्रेंत तें द्यावें ? ऋतुनिवृत्तीच्या वेळीं अंगाची लाही होणें, झोंप उडणें, यांनीं बेजार झालेल्या निरोगी स्त्रीनें साठीच्या आंत व निवृत्तीपासून दहा वर्षांच्या आंत, स्वतःचा व घराण्याचा कर्करोगाचा इतिहास डॉक्टरांस सांगून, हा उपचार घेण्यास हरकत नाहीं; तिनें भयानें तो नाकारूं नये. मात्र केवळ हृदय राखण्याच्या आशेनें तो कोणी घेऊं नये. औषधांस न जुमानणारा रक्तदाब असेल, तर अल्डोस्टेरॉनची तपासणी करण्याविषयीं अवश्य विचारावें. मेद वाढलेला असून अंग जड व मन मंद झालें असेल, तर थायरॉईडची.

शेवटीं एक हिशेब ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. ५२ देशांत झालेली एक पाहणी २००४ मध्यें प्रसिद्ध झाली. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा दहांपैकीं नऊ भाग धोका नऊ गोष्टींत सामावलेला आहे, असें तींत दिसलें : तंबाखू, रक्तांतील मेद, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरील ताण, फळेंभाज्या न खाणें, व्यायामाचा अभाव आणि मद्य. याच पाहणींतील भारत व शेजारच्या चार देशांतील रोग्यांस पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षीं आला होता. इतरत्र ५९ व्या. या नऊ गोष्टींपैकीं जवळजवळ सर्व रोहिणीच्या त्या एकपेशी अस्तरास इजा करितात किंवा त्याचें रक्षण करितात, आणि बहुतेक मनुष्याच्या स्वतःच्या आटोक्यांतील आहेत. हार्मोनाची महागडी तपासणी करविण्यापूर्वीं रक्तदाब मोजून घ्यावा, मिशरी व तंबाखू सोडावी, आणि रोज सकाळसंध्याकाळ पायीं चालावें. ग्रंथि खरोखर बिघडलेली असेल तर तिचा उपचार जरूर करावा. पण तिच्या रसानें उरलेल्या आठ-नऊ गोष्टींची भरपाई होत नाहीं.